वाक्य नसलेली शारदा

"मला एक वाक्यसुद्धा नव्हतं, तरी घाम फुटला," बाई खुर्चीवरून उठत म्हणाल्या.

सुट्टीतलं शिक्षक प्रशिक्षण. आज देवलांचं 'संगीत शारदा'. भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या भुजंगनाथासाठी कांचनभटाशी त्याच्या मुलीच्या, शारदेच्या, लग्नाचा सौदा करतो, तो भाग आम्हाला उभ्याने वाचायला लावला. मध्ये खुर्ची टाकून या बाईंना शारदा म्हणून बसवलं होतं. नुसतं ऐकायचं. दोघं सर रंगात येऊन त्यांच्या डोक्यावरून रकमा बोलत होते. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. आधी आम्ही हसत होतो, मग हसणं थांबलं.

वर्गात आम्ही काय सांगतो? 1899 चं नाटक, बाला-जरठ (लहान मुलगी, म्हातारा नवरा) विवाहाची समस्या, गाण्यांची नावं. पुढचा धडा.

(1929 चा बालविवाह रोखणारा शारदा कायदा हरबिलास सारडांच्या नावावरून ओळखला जातो, या नाटकावरून नाही. हे मात्र चहाच्या वेळी बऱ्याच जणांना नवीन होतं!)

परत येताना एसटीत एकच डोक्यात. दहावी झाली की जिचं लग्न ठरेल अशी एखादी मुलगी माझ्याही वर्गात असते. तिच्यासमोर हा प्रवेश असा करून घ्यावा का? तुमच्यापैकी कुणी केलाय?