सिनेमा-संग्रहाची सहामाही नोंद : छत्रपती संभाजीनगर, एप्रिल ते सप्टेंबर

या सहामाहीत नवी खरेदी जवळपास थांबवली आणि कपाटात आहे तेच तपासायला काढलं. कव्हरवर नाव आहे म्हणून आत अख्खा चित्रपट आहे, असं जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींच्या बाबतीत धरून चालत नाही. कुठे गाणं उडवलेलं असतं, कुठे दोन डिस्कच्या सांध्यावर प्रसंगच गिळलेला असतो, कुठे एक रीळच मुळात नसतं. तेव्हा ही नोंद मुख्यतः मोजमापाची आहे. साठवणीचं आणि कॅसेटचं पुढे येईलच.

लांबी कशी काढायची

आधी डिस्कवर किती आहे ते मोजायचं. व्हीसीडीचं एक बरं असतं, तिचा वेग ठरलेला असतो. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठोकळे, प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा. विंडोजवर डिस्क उघडून 'एमपीईजीएव्ही' (MPEGAV) फोल्डरमधल्या मोठ्या डॅट (.DAT) फाइलचा आकार बाइटमध्ये बघा आणि त्याला १,७६,४०० ने भागा. येणारं उत्तर म्हणजे सेकंद. ६३,५०,४०,००० बाइटची फाइल म्हणजे बरोबर एक तास. प्लेअरच्या काचेवर दिसणारी वेळ चरे पडलेल्या डिस्कवर उड्या मारते, त्यापेक्षा हा भागाकार भरवशाचा.

मग मूळ चित्रपट किती लांब होता ते काढायचं. सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर चित्र थांबवा. तिथे लांबी मीटरमध्ये दिली असेल तर काम सोपं. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर पळते. समजा ३,९५० मीटर लिहिलंय, तर चित्रपट १४४ मिनिटांचा. आपल्याकडची व्हीसीडी बहुतेक पाल पद्धतीची (आपल्याकडच्या टीव्हीची, सेकंदाला २५ फ्रेमची) असते, तीत २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने पळवलेला असतो. म्हणून १४४ ला ०.९६ ने गुणा. १३८ मिनिटं १४ सेकंद यायला हवीत. दोन्ही डिस्कची बेरीज १३१ भरली, तर सात मिनिटं गेली कुठे ते शोधायचं.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, त्यामुळे सर्टिफिकेटवरचा तीन, आठ, नऊ यांचा गोंधळ नेहमीचा. अशा वेळी शेजारचा रिळांचा आकडा कामाला येतो. एक रीळ जास्तीत जास्त हजार फुटांचं, साधारण ३०० मीटरचं. १४ रिळं असतील तर ३,९५० बसतं (रिळाला सरासरी २८२ मीटर), ३,३५० जरा अवघड बसतं. एवढ्यावर बहुतेक शंका मिटतात.

गेलेली मिनिटं किती आहेत यावरून ती का गेली याचाही अंदाज येतो. एकाच ठिकाणी दहा-अकरा मिनिटांची उडी असेल, तर ज्या प्रिंटवरून डिस्क काढली तिचं एक रीळच गहाळ होतं. तसली दुसरी प्रत घेऊन उपयोग नाही, त्या कंपनीच्या सगळ्या प्रती तशाच निघणार. चार-पाच मिनिटं गेली असतील तर आधी गाणी तपासा. पहिली डिस्क संपते तिथे अर्धं वाक्य तुटून दुसरी सुरू होत असेल, तर डिस्कमध्ये बसवायला कात्री चालवलीय. व्हीसीडीत ७४, फार तर ८० मिनिटं मावतात. १७५ मिनिटांचा चित्रपट दोन डिस्कमध्ये विकलेला दिसला की काय समजायचं ते समजा.

एक पथ्य : सर्टिफिकेटवरची लांबी ही त्या सर्टिफिकेटपुरतीच खरी. पुन्हा प्रमाणित करून घेतलेल्या आवृत्तीचं सर्टिफिकेट पुढे जोडलेलं असेल, तर ताळा जुळेल आणि तरी मूळ प्रदर्शनातला भाग नसेल. म्हणून वहीत सर्टिफिकेटची तारीखही लिहायची.

डीव्हीडी : पाल की एनटीएससी

इथे गणित जरा वाकडं होतं. भारतात निघालेल्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीच्या (सेकंदाला सुमारे ३० फ्रेम) असतात. त्यात वेग वाढवायची गरज नसते, १४४ मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटंच भरायला हवा. पण काही डीव्हीडी थेट फिल्मवरून न करता आधीच्या पाल टेपवरून उतरवल्या आहेत. त्यात वेगही वाढलेला आणि चित्रही खराब. ओळखायची रीत अशी : कॅमेरा आडवा फिरतोय असा प्रसंग निवडा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ आणि दोनमध्ये कडा कंगव्याच्या दातांसारख्या, तर उतरवणी नीट झालीय. बहुतेक फ्रेममध्ये दोन चित्रं एकमेकांवर धूसर दिसत असतील, तर ती पालवरून फिरवलेली. हा दोष टीव्हीच्या कुठल्याही सेटिंगने जात नाही.

वाढलेला वेग कानालाही कळतो. आवाजाची पट्टी वेगळी सुधारलेली नसेल तर स्वर साधारण ०.७ सेमीटोनने चढतो. पेटी घेऊन बसलात तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ गेलेलं सापडेल. जुन्या संगीतप्रधान चित्रपटांत हे फार खटकतं.

डीव्हीडीवर आणखी दोन गोष्टी टिपायच्या. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का सतत आहे का, आणि चौकट मूळची आहे का. १९५० च्या आधीचे चित्रपट १.३७ ला १ अशा जवळपास चौकोनी चौकटीतले. रुंद टीव्ही भरावा म्हणून वरून-खालून कापलेली प्रत असेल, तर कपाळं आणि हनुवट्या कापलेल्या दिसतात. असली प्रत स्वस्त मिळाली तरी महाग.

वहीतला बदल

प्रभातच्या द्वैभाषिकांसाठी आता दोन वेगळ्या ओळी ठेवल्या आहेत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) आणि 'अयोध्या का राजा', 'कुंकू' (१९३७) आणि 'दुनिया न माने', 'माणूस' (१९३९) आणि 'आदमी' हे एकाचं दुसऱ्यात डब केलेले चित्रपट नाहीत, दोन्ही भाषांत वेगळं चित्रण झालं आहे. 'शेजारी' (१९४१) आणि 'पडोसी' यांत तर प्रमुख नटांतही फरक आहे. पुढच्या काळात 'उंबरठा' (१९८२) आणि 'सुबह' यांचंही चित्रण वेगवेगळं. एक मिळाला म्हणून दुसऱ्यावर खूण करू नये. कव्हर मराठीचं आणि आत हिंदी डिस्क, हा प्रकारही होतो. म्हणून ओळख कव्हरवरून न घेता श्रेयनामावलीवरून घ्यायची.

प्रत्येक नोंदीत सध्या एवढं आहे : नाव, वर्ष, भाषा, डिस्कची संख्या, मोजलेली मिनिटं, सर्टिफिकेटवरची मिनिटं, फरक, पद्धत, चौकट, शिक्का, आतल्या कड्याजवळचा कोरलेला क्रमांक. शेवटचा रकाना लोक गाळतात. पण त्याच चित्रपटाची नव्या कव्हरातली प्रत जुन्याच मास्टरवरून (मूळ साच्यावरून) काढलीय का, हे बऱ्याचदा तिथेच कळतं. पैसे वाचवणारा रकाना आहे तो.

बाजारात बघायचं काय

जाफर गेटचा रविवारचा बाजार, शहागंज, लातुरात गंजगोलाईचा परिसर. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररींचा माल अजून अधूनमधून अशा ठिकाणी येतो, नाहीतर थेट भंगारात किलोवर जातो. उन्हात मांडलेल्या ढिगातून घेताना मोबाइलचा टॉर्च आणि चष्म्याचं फडकं एवढं जवळ असलं की पुरे.

खालची बाजू जांभळट किंवा हिरवट दिसली तर ती घरी बर्न केलेली डिस्क. तिच्यातला रंग उष्णतेने आणि उन्हाने उतरतो, सोडून द्या. चंदेरी असेल तर छापाच्या बाजूने टॉर्च धरून खालून बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ॲल्युमिनियमचा थर गेलेला आहे. व्हीसीडीचा हा थर छापाच्या अगदी खाली असतो, त्यामुळे छापाच्या बाजूचा खोल चरा जीवघेणा. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून होते आणि थर मधोमध असतो. तिथे बाहेरच्या कडेला तपकिरी छटा आलीय का ते बघायचं. वाचण्याच्या बाजूला मधून कडेकडे गेलेला चरा बहुधा निभावतो. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेचा चरा मात्र सलग माहिती खातो.

मधल्या भोकाजवळ केसाएवढी तडही बघा. डीव्हीडी डब्यातून ओढून काढल्याने ती पडते. मधली खुंटी दाबायची आणि मग डिस्क उचलायची, डिस्क कधी वाकवायची नाही.

धुणं आणि ठेवणं

पातळ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या डिस्कवर तेलकट धुकट थर येतो. तो प्लॅस्टिकमधूनच उतरलेला असतो. भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पेराने हलक्या हाताने, आणि मग पाणी. हे पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ते पुसायला गेलं की चरे पडतात. शेवटची धुणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करायची. पुसणं नेहमी मधून कडेकडे. नंतर पॉलिप्रोपिलीनचं पाकीट. टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात, त्यात घासणारी पूड असते. ब्लू-रेवर तर तो अजिबात करू नका, तिची माहिती पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते.

साठवणीला हवेतला दमटपणा २० ते ५० टक्के असावा आणि तापमान जमेल तितकं खाली, पण मुख्य म्हणजे स्थिर. मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखालची खोली आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या दोन जागा बाद. माळवदाची खोली गार असते, पण वरून माती झिरपते आणि लाकडाला वाळवी असते. तिथे ठेवायचं तर झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे हवेत, पुठ्ठ्याची खोकी नकोत.

कूलरकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, म्हणून उन्हाळ्यात बुरशीची भीती नाही असं वाटतं. पण वाळ्याच्या पडद्याचा कूलर बंद खोलीत रात्रभर चालला की दमटपणा सत्तरीच्या पुढे सहज जातो. कॅसेटवरची बुरशी पावसाळ्यात दिसते खरी, पण तिची सुरुवात मेमध्येच झालेली असू शकते. संग्रह आणि कूलर एका खोलीत नकोत. दमटपणा मोजायचं स्वस्तातलं डिजिटल यंत्र चालतं, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलसर चिखल होईल एवढंच पाणी घाला, यंत्रासोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ६९ दाखवलं तर त्या यंत्राच्या आकड्यात सहा मिळवत चला.

कॅसेट

व्हीएचएसचं काम अर्ध्यावर आहे. खिडकीतून गुंडाळ्यावर पांढरी तंतूंसारखी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. एका कॅसेटची बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या दहा कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलसोबत बंद डब्यात वाळवायची, मग तोंडाला मास्क लावून मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडायची. खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही गुंडाळ्या स्वच्छ कवचात बसवता येतात. फक्त उघडण्याआधी टेपचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवा. झाकणाची बारीक स्प्रिंग उडाली की फरशीवर शोधत बसावं लागतं.

बरी दिसणारी कॅसेटही एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवूनच चालवायची. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने टेपचा ताण असमान झालेला असतो, त्याने चित्र वरच्या कडेला वाकतं. हेड साफ करताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामडं घ्यायचं, चामडं आडवं स्थिर धरायचं आणि हेड बसवलेला गोल ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटतं. कापसाची काडी इथे नको, तिचे धागे अडकतात.

उतरवून घेताना ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत) तसंच ठेवायचं. सुंदर करायची घाई मूळ फाइलवर करायची नाही. बिनघट (लॉसलेस) पद्धतीत तासाला २५ ते ३५ जीबी लागतात. मध्येच लाइट गेली तर फाइलच नव्हे, हार्डडिस्कची अख्खी यादीही बिघडू शकते, म्हणून व्हीसीआर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर.

परदेशी डिस्कबद्दल थोडक्यात

डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे विभागावरून (रीजन कोड) ठरतं. भारत डीव्हीडीला विभाग ५, ब्लू-रेला विभाग सी. ब्लू-रेला अमेरिका ए, ब्रिटन बी. डिस्कवर विभागाचं बंधन असेल आणि तो जुळला नाही तर ब्लू-रे चालणार नाही. ४के डिस्कला विभागाचं बंधन नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा निवडलेला कायमचा बसतो. सहज म्हणून बदलून बघू नका.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचा अमेरिकेतला २०१५ चा ब्लू-रे संच यादीत वर आहे. १९९३ च्या लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्हमधून जे वाचलं ते आणि इतर प्रती जोडून केलेलं ते ४के पुनरुज्जीवन आहे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडीशी फ्रेम-फ्रेम ताडून बघण्यासारखं. पण संच विभाग ए चा आहे, आणि तसा प्लेअर येईपर्यंत मागवण्यात अर्थ नाही.

बाकी

मोजमापात तूट आढळलेल्या व्हीसीडींची वेगळी यादी झाली आहे. त्यांतल्या कोणत्या चित्रपटाची दुसऱ्या कंपनीची प्रत निघाली होती ते शोधायचंय, कारण दोन अपुऱ्या प्रतींतली तूट वेगवेगळ्या जागी असेल तर दोन्ही ठेवाव्या लागतील. बुरशीच्या कॅसेट दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. त्याआधी व्हीसीआरचा पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे ओढणारं रबरी चाक, बदलायचा आहे. रबर कडक होऊन चकाकतंय, आणि तशा रोलरवर टेप चुरगळते.