पणजोबांचा २७ नंबर

आत्यानं पेटीतल्या, पणजोबांनी लंडनहून लिहिलेल्या पोस्टकार्डाचा फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसात होते. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' आणि वर कोपऱ्यात घरमालकिणीचं नाव, २७ नंबर, रस्ता, लंडन एन. डब्ल्यू. ३. (रस्त्याचं नाव देत नाही, तिथे आज लोक राहतात.) साल पुसलंय. पण 'एन. डब्ल्यू.' या टपाल विभागाच्या अक्षरांपुढचा आकडा लंडनच्या पत्त्यांत १९१७ पासून आला, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. आणि तो रस्ता माझ्या घरापासून दोन बसवर! सहा वर्षं मी इथे आहे आणि मला पत्ताच नाही.

शनिवारी गेले. २७ नंबर सापडला, लाल विटांचा, दारात गुलाब. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तिथेच उभी राहून रडले. घर चुकीचं होतं.

हे कळलं हॉलबर्न लायब्ररीत, लंडनच्या त्या भागाच्या, म्हणजे कॅम्डेनच्या, अभिलेखागारात. तिथल्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि आधी विचारलं, "नंबर तेव्हाचेच आहेत का?" लंडन काउंटी कौन्सिलनं कितीतरी रस्त्यांची नावं बदलली, घरांना नवे नंबर दिले. मग त्यांनी १९२२ ची पोस्ट ऑफिस डिरेक्टरी काढून दिली. जाड, पानं पिवळी. रस्त्यागणिक, घरागणिक राहणाऱ्याचं नाव, आणि मध्येमध्ये 'इथे अमुक रस्ता मिळतो' अशा ओळी. त्या ओळींनीच काम केलं. नंबर बदलला तरी गल्लीचं तोंड हलत नाही. आमची घरमालकीण गल्ली ओलांडल्यावर दुसऱ्या घरात निघाली, आजचा २७ नंबर गल्लीच्या अलीकडे आहे. बाई माझ्यासोबत बोटानं घरं मोजत होत्या, जेवणाची सुट्टी सोडून.

शेवटी त्यांनी युद्धातल्या बॉम्बहानीचा नकाशा उघडला. एकेक घर रंगवलेलं, किरकोळ पडझडीला पिवळा, पूर्ण नाश झाला त्याला काळा. पणजोबांचं घर काळं. आता तिथे फ्लॅट आहेत आणि सायकली लावायची जागा. त्याच एन. डब्ल्यू. ३ मधलं बाबासाहेबांचं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर मात्र उभं आहे, २०१५ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं घेतलेलं.

हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "बघ, आपल्याकडे कुणी काही जपत नाही." मला ते पटत नाही. आजीला पत्रं यायची 'पत्र्या मारुतीजवळ, नारायण पेठ' एवढ्यावर, आणि पोचायची. मारुती आजही तिथेच आहे, कुठलीही डिरेक्टरी न उघडता कुणीही दाखवेल. तिथला आमचा वाडा गेला तो बिल्डरकडे. इथून मुखत्यारपत्र मीही सही करून पाठवलं. तुळयांना वाळवी, अकरा वारस, आणि ऐंशी ओलांडलेली आत्या अंधारा जिना चढत होती. त्या सहीचं मला वाईट वाटत नाही.

रात्री आत्याला फोन केला. बॉम्बचं ऐकून ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "दार कुणीकडे होतं गं?"

मी नकाशा पुन्हा उघडला. पश्चिमेला.

"हां. दुसऱ्या कार्डात लिहिलंय, तीननंतर खोलीत ऊन येतं, तेवढ्यात पत्रं लिहून घेतो."

तेही कार्ड पाठव म्हटलं. ती चष्मा शोधायला उठली.