तुम्ही विचारलंत म्हणून: शेततळ्यातला लाल कोळी

मी तासगावला अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवतो आणि माझ्या निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळं दरवर्षी एक-दोन फोन ठरलेले. "सर, शेततळ्यात लाल कोळी झालाय, कुठलं औषध टाकू?"

काही टाकू नका. पानामागं जाळी करून रस पिणारा लाल कोळी वेगळा आणि हा पाण्यातला पाणकोळी (इंग्रजीत वॉटर माइट) वेगळा. भावकी एकच, पण वाटण्या लई जुन्या. हा तुमच्या बागेला हात लावत नाही, माणसाला चावत नाही.

गेल्या साली एक पाव्हणे पाण्याच्या बाटलीत घेऊनच आले. आत आठ-दहा लाल ठिपके, मोठे मोहरीएवढे, बारके खसखशीएवढे, पाय मारत गरागरा फिरत होते. पाव्हण्यांचा प्रश्न मात्र एक नंबर होता, म्हणाले तळं नवं, तळाचा प्लास्टिकचा कागद नवा, पाणी बोअरचं, मग हे आलं कुठनं?

उडत आलं! म्हणजे त्याला पंख नाहीत, पण दुसऱ्याच्या पंखांवर येतं. मादी पाण्यातल्या दगडाला नाहीतर शेवाळाला चिकट जेलीत अंडी घालते. त्यातनं सहा पायांचं पिल्लू निघतं (मोठ्याला आठ, मोजून बघा), आणि ते बहुतेक जातींत डास, चिलट, चतुर असलं कुणीतरी गाठतं. चतुराचं तर बघण्यासारखं आहे. चतुराची अळी पाण्यात असते, हे पिल्लू तिच्या अंगावर चढून नुसतं बसून राहतं, पीत काही नाही, आणि अळी वर येऊन कात टाकायला लागली की हे जुन्या कातडीवरनं नव्या अंगावर सरकतं, पोटाखाली चिकटतं आणि मग गोचिडासारखं प्यायला लागतं. तळ्यावर चतुर हातात सापडला तर उलटा करून बघा, कधीकधी पोटाला लाल मण्यांची रांगच असते. चतुर परत पाण्यावर आला की हे खाली सुटतं. जमिनीवर पडलं तर मेलं.

पाण्यात पडल्यावर कोषासारखं गप्प पडून राहतं, आठ पायांचं होऊन उठतं, शिकार करतं, परत एकदा गप्प पडतं आणि मग मोठं होतं. खाणं काय, तर पिसवांसारखे बारके जलचर, किड्यांची अंडी, आणि काही जाती डासांच्या अळ्यापण खातात. तळ्यात औषध ओतून हे सगळं मारायचं आणि नंतर डास झाले म्हणून ओरडायचं, हे मला काय पटत नाही.

लग्नाचा विषय वर्गात निघाला की पोरं जागी होतात. नेउमानिया पॅपिलेटर नावाची एक जात आहे, आपल्याकडची नाही, हेदर प्रॉक्टर या संशोधक बाईंनी १९९१ साली तिच्यावर लिहिलंय. मादी पुढचे पाय उचलून शिकारीची वाट बघत बसते, पाण्यात बारका जीव हलला की त्या लहरीवर झडप. नर काय करतो, तर जवळ येऊन पाय असे थरथरवतो की तिला वाटतं जेवण आलं. ती वळते, कधी धरतेपण, मग सोडून देते. तेवढ्यात तिचं तोंड कुठं आहे ते याला कळलेलं असतं, हा तिच्यासमोर वीर्याच्या बारक्या पुड्या ठेवतो, पायानं तिच्याकडं पाणी ढकलतो आणि पटलं तर ती त्या उचलते. उपाशी मादी जास्त फसते, हेपण बाईंनी दाखवलंय.

पाव्हण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग औषध नको तर मासे सोडू का?"

सोडा की, पण ते याला खायचे नाहीत. बरेच मासे तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात, चव वाईट असते म्हणून.