हॉलचं रडगाणं आणि दोन पिवळे बल्ब

परवा सोफ्यावर लोळत मोबाईल बघत होते, सहज मान वर केली आणि वाटलं, आपला हॉल असा कधीपासून दिसतोय? तुटलंय-फुटलंय असं काही नाही, रोज झाडून पुसून होतं, तरी सगळं कसं मलूल, कोणीतरी सकाळपासून तोंडच धुतलं नाही तसं. आणि नेमके हातात पैसे नाहीत, म्हणजे थोडे होते पण 'नवीन सोफा घेऊया' म्हणावं इतके तर अजिबातच नाही.

आणि मी काय केलं? जे कोणीही करेल तेच, आधी खरेदी. मोहरी रंगाची चार कुशन कव्हरं मागवली, फोटोत इतकी गोड दिसत होती ना. घरी आल्यावर सोफ्यावर मांडली तर फाटक्या गोधडीला नवीन ठिगळ लावल्यासारखं झालं. वर आत कोंबल्या त्या जुन्याच चपट्या उशा. (कव्हर १८ इंची असेल तर आतली उशी २० इंची घ्यायची असते, म्हणजे कोपरे गच्च भरतात, हे मला फार उशिरा कळलं.) नवरा म्हणाला, "अगं आणतेस कसली, आधी इथलं काहीतरी काढ तरी." राग आला, पण बरोबर होतं त्याचं.

मग एका रविवारी दोघांनी मिळून अख्खा हॉल रिकामा केला. रिकामा म्हणजे खरंच रिकामा, सोफा आणि टीव्ही सोडून सगळं आतल्या खोलीत. दोन मेलेले रिमोट, कुठल्या फोनचे ते देवाला ठाऊक असे तीन चार्जर, आणि जिच्यावर कोणी कधीच बसत नाही, फक्त कपडे बसतात अशी एक खुर्ची. दोन दिवस तसंच ठेवलं आणि लागेल तेवढंच एकेक करून परत आणलं. निम्मं आलंच नाही. झालं, अर्धं काम फुकटात. सोफा ढकलायच्या आधी जुने पेपर जोडून सोफ्याच्या, टीपॉयच्या मापाचे कापले आणि जमिनीवर इकडून तिकडे सरकवून बघितले, त्यामुळे कंबर वाचली. सोफा भिंतीला चिकटलेला होता तो चार बोटं पुढे ओढला, टीपॉय सोफ्यापासून साधारण १६ ते १८ इंचांवर ठेवला म्हणजे कपही हाताला येतो आणि गुडघेही आपटत नाहीत.

पण खरी भानगड उजेडाची होती, आणि मला ते इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. आमच्याकडे छताजवळ एकच पांढरी ट्यूब, ६५०० केल्विनवाली. सगळ्या खोलीवर सारखाच निळसर उजेड, कुठे सावली नाही, कुठे कोपरा नाही, माणसं पण आजारी दिसायची. बल्बच्या खोक्यावर हा केल्विनचा आकडा लिहिलेला असतो, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. मी २७०० वाले दोन ९ वॅटचे एलईडी आणले, एक माळ्यावर पडलेल्या जुन्या टेबललॅम्पला, एक सोफ्यामागच्या कोपऱ्यात. संध्याकाळी ट्यूब बंद केली, हे दोन लावले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच बसलो. तोच सोफा, त्याच भिंती! वाचायला, सुई ओवायला ट्यूब लागतेच, ती काढली नाहीये, पण आता ती कामापुरतीच.

आता माझा गाढवपणा. बल्ब आणायच्या आठवडाभर आधीच मी एक भिंत रंगवून बसले होते. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून करडट हिरवा निवडला, दिवसा छान वाटला, आणि पिवळ्या उजेडात तोच रंग ओल्या शेवाळासारखा दिसायला लागला. परत डबा, परत रोलर, परत दोन हात. तेव्हा आधी उजेड ठरवा, मग रंग. आणि भिंतीला हात लावायच्या आधी एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. बाकी पोपडे खरवडणं, पुट्टी, पॉलिश पेपर, पुट्टी लावलेल्या जागांवर प्रायमर, यातलं काहीही गाळू नका, नाहीतर रंगाखालून डाग डोकावतात. मास्किंग टेप रंग जरा ओला असतानाच काढायची. मी दुसऱ्या दिवशी ओढली, तर टेपबरोबर वीतभर रंगाची साल निघून आली.

पडद्यांचं सोपं निघालं. आमचे पडदे खिडकीच्या कठड्यापर्यंतच, आखूड पायजम्यासारखे. रॉड उचलून छताजवळ नेला आणि दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा वीतभर जास्त लांब घेतला, म्हणजे पडदे सरकवले की काच पूर्ण मोकळी होते. कापड म्हणून दोन साध्या सुती डबल चादरी. पण एक करा, शिवायच्या आधी धुवून घ्या, सुती कापड आटतं. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड असेल तरच चुण्या पडतात, नाहीतर टॉवेल वाळत घातल्यासारखं दिसतं.

फ्रेमांबद्दल एवढंच की आपण त्या उगाच फार वर टांगतो. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटीमीटरवर आला की बास.

सोफ्याची बैठक मात्र अजून खचलेलीच आहे. सध्या गाद्यांखाली प्लायचा तुकडा सरकवलाय, तात्पुरता जुगाड. पैसे जमले की ४० डेन्सिटीचा फोम भरून घेणार, पण आधी त्यावर बसून बघणार, कारण डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडकच असं नसतं, डेन्सिटीवर तो टिकतो किती ते ठरतं, कडकपणा वेगळा.

ती मोहरी कव्हरं परवा परत काढली, २० इंची उशा घातल्या, पिवळ्या उजेडात चक्क बरी दिसतात. आणि भिंतीवरची ती साल निघालेली पट्टी तशीच आहे, तिच्यापुढे एक उंच झाडाची कुंडी ठेवलीये. आल्यागेल्या प्रत्येकाचं पहिलं लक्ष तिथेच जातं, "झाड मस्त आहे गं," म्हणतात.