वाकलेलं पातं

संध्याकाळी आबांच्या पडवीत लॅपटॉप उघडला, तेव्हा माझ्यापुरता निकाल लागलेला होता. मालवणजवळच्या देवबागसमोर १२ मीटर पाण्यात तीन दिवस तळाशी बसवलेलं ध्वनिमुद्रण यंत्र आम्ही त्या दुपारी वर काढलं होतं. त्यात त्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एक खरखर सुरू होत होती आणि ती बराच वेळ पुढे चालत होती. एआयएसच्या, म्हणजे जहाजं आपली जागा रेडिओवरून आपोआप कळवतात त्या यंत्रणेच्या, नकाशावर त्याच वेळी एक मालवाहू जहाज उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना दिसत होतं. वेळ जुळली म्हणून तक्त्यातल्या त्या ओळीपुढे मी ‘जहाज’ असं लिहून टाकलं.

काम तेच होतं. किनाऱ्यावर एका ठिकाणी मालाचा धक्का बांधायचा प्रस्ताव होता. कुठे आणि कोणाचा, ते इथे सांगत नाही. जहाजांच्या पाण्याखालच्या आवाजाचा डॉल्फिनवर काय परिणाम होईल, याचा अंदाज द्यायचा होता. त्याआधी या पट्ट्यातलं पाणी आज कसं वाजतं, हे माहीत असायला हवं. आजच माहीत नसेल, तर उद्या किती भर पडली ते कशावरून ठरवणार?

सकाळी आम्ही आबांच्या जुन्या होडीतून निघालो होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. किनाऱ्याकडून वाहणारा मतलई वारा अजून हलकाच होता, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट होतं. कर्ली नदीच्या मुखाबाहेर आबांनी इंजिन बंद केलं आणि मी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, पाण्यात सोडला. पहिल्यांदा कानाला हेडफोन लावणारा माणूस दचकतोच. समुद्र आतून शांत असतो असा आपला समज असतो, आणि ऐकू येते ती फोडणीत मोहरी तडतडावी तशी अखंड चटचट. खडपांत राहणाऱ्या एका जातीच्या कोळंबीच्या नांगीचा तो आवाज. इथली डॉल्फिन याच तडतडीत जन्मली आणि वाढली आहेत, ती त्यांच्या रोजच्या कानावरची.

मग गादे आले. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. हे कुबड असलेले, राखाडी रंगाचे, सूसा प्लंबिया जातीचे. किनाऱ्याला धरून राहतात, बहुधा २५ मीटरपेक्षा कमी खोल पाण्यात. म्हणजे आपल्या होड्या, जाळी आणि नद्यांतून येणारी घाण जिथे असते, नेमकं तिथेच यांचं घर. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्या सकाळी चार मोठे होते आणि एक पिल्लू, आईच्या कुशीला चिकटून पोहणारं.

हेडफोनमध्ये आधी त्यांच्या टिकटिकी आल्या. सुट्या टिकटिकी जवळजवळ येत गेल्या आणि जुनं दार करकरावं तसा एकच आवाज झाला. भक्ष्याजवळ पोचताना डॉल्फिन असंच करतो, टिकटिक सोडतो आणि तिचा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानाकडे घेतो. नदीच्या तोंडाशी पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही, तिथे डोळ्यांचं काम कान करतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. त्यामागोमाग शिट्ट्या आल्या, खालून वर चढणाऱ्या आणि मध्येच वळणाऱ्या. मी इतकी वर्षं ऐकते आहे, तरी पहिली शिट्टी आली की हातातलं पेन थांबतं.

नऊच्या आसपास पर्यटकांच्या होड्या यायला लागल्या. आधी दोन, मग सहा, मग मी मोजणं सोडलं. एका होडीतून बोट दाखवलं जाई आणि बाकीच्या सगळ्या तिकडे वळत. गादे बुडाले की होड्या गोल फिरत आणि ते वर आले की इंजिन एकदम वाढवून त्यांच्या पुढ्यात जात. पंखा पाण्यात जोरात फिरला की त्याच्या पात्यांमागे दाब इतका उतरतो की पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. जहाज असो की मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली होडी, पंख्याच्या गोंगाटातला मोठा वाटा या फुटण्याचा. मोठ्या जहाजाचा सूर खालच्या पट्टीत जास्त जोरकस असतो, एक हजार हर्ट्झच्या आत. लहान, वेगानं फिरणाऱ्या पंख्याचा त्याच्या बराच वर, थेट शिट्ट्यांच्या पट्टीत. हेडफोनमध्ये शिट्ट्या होत्या की नव्हत्या, तेच मला कळेना. आंगणेवाडीच्या जत्रेत हात सुटलेल्या मुलाला आईनं हाक मारावी आणि भोंग्यांखाली ती बुडून जावी, तसं. मला यंत्र बंद करावंसं वाटलं. केलं नाही. शेवटी गादे निवतीच्या दिशेनं गेले, पिल्लू दोन मोठ्यांच्या मधे होतं. होड्यांमुळेच गेले, असं एका सकाळवरून म्हणता येत नाही. मासळी हलली असेल. वहीत मी फक्त वेळ आणि दिशा लिहिली.

आता पडवीत. आबा शेजारी जाळ्याची गाठ मारत बसले होते. मी लॅपटॉपवर ती खरखर लावली आणि पडद्यावर आवाजाचं चित्र दाखवून म्हटलं, “आबा, हे बघा, बाहेरून गेलं ते जहाज.”

आबांनी गाठ अर्ध्यात सोडली. “गो बाय, परत लाव बघू.”

परत लावली.

“ह्यो आगबोटीचो आवाज न्हय. ह्यो माझ्या झिलाच्या होडयेचो. पंख्याचा एक पाता वाकला हा, गेल्या आयतवारी खडपाक लागलो. आईक, दर फेऱ्याक एकदा बोंब मारता.”

मी चित्र मोठं करून पाहिलं. खरखर अखंड नव्हती, तिच्यात ठरावीक अंतरानं ठळक पट्टे होते, पंख्याच्या एकेका फेऱ्याला एकेक. वाकलेल्या पात्यावर बुडबुडे लवकर आणि जास्त होतात. हे मला ठाऊक होतं, फक्त त्या दुपारी मी तिकडे पाहिलंच नव्हतं. आणखी एक गोष्ट मला दिसायला हवी होती. ते जहाज खूप बाहेरून गेलं होतं. इतक्या लांबून इतका वरचा सूर येत नाही, समुद्राचं पाणी वरच्या पट्टीचे आवाज वाटेतच गिळतं. खालचेही उथळ पाण्यात नीट टिकत नाहीत. ५० हर्ट्झच्या सुराची पाण्यातली लाट ३० मीटर लांब, ती १२ मीटर खोलीत मावणार कशी? तळाच्या रेती-गाळात विरून जाते.

मग मी जहाज का लिहिलं? नकाशावर तेच एक दिसत होतं म्हणून. एआयएस आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना सक्तीचं आहे. देवबागच्या होडीत ते कुठून असणार? माझ्या नकाशावर त्या सकाळी भर समुद्रात एक जहाज होतं आणि किनाऱ्याजवळ काहीच नव्हतं. प्रत्यक्षात तिथे मी मोजायच्या सोडलेल्या होड्या होत्या, सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर. एआयएसच्या नोंदींवरून किनाऱ्याजवळच्या आवाजाचे अंदाज बांधले जातात, तेव्हा सगळ्यात जवळचा आवाज असा हिशेबातून गळू शकतो. डॉल्फिनच्या कानावर पडायचा तो पडतोच.

आबांचा मुलगा रात्री घरी आला. वडिलांनी त्यालाही ऐकवलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग विचारलं, “ह्या सगळ्यात गाद्यांचो आवाज खंय आसा?” मी सकाळचं, होड्या यायच्या आधीचं मुद्रण लावलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं होडी काढली नाही, पंखा उतरवून मालवणला नेला. सुट्ट्यांतल्या एका दिवसाची कमाई त्यानं सोडली, आणि त्या घराला ती जड जाणारी होती.

अहवालाच्या बैठकीत मात्र वेगळाच प्रसंग उभा राहिला. काम देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ खूश झाले. “म्हणजे त्रास होड्यांचा. जहाजांचा प्रश्नच मिटला.” मला याचीच धास्ती होती. आबांनी प्रामाणिकपणे सांगितलेली गोष्ट त्यांच्याच मुलाबाळांविरुद्ध वापरली जाणार होती, आणि तीही चुकीच्या निष्कर्षासाठी. मी सांगितलं, मैलोगणती लांबून जाणाऱ्या जहाजाचा आवाज या उथळ पाण्यात पोचला नाही, एवढंच या मुद्रणातून कळतं. धक्का झाला की तेच जहाज गाद्यांच्या घरात येईल, त्याला वळवायला टग येतील, गाळ काढला जाईल, खांब ठोकले जातील. तेव्हा अंतराची आणि उथळपणाची आड राहणार नाही. होड्यांचा गोंगाट आधीच आहे, ही नव्या गोंगाटाला दिलेली परवानगी नव्हे. आधीच भरलेल्या पाण्यात आणखी किती मावेल, असा हिशेब करावा लागेल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजांचा आवाज कमी करण्यासाठी २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली त्या सुधारल्या, पण त्या बंधनकारक नाहीत. म्हणून वेगमर्यादा आणि पंख्यांची देखभाल धक्क्याच्या अटींतच लिहून घ्या, असं मी अहवालात घातलं. ते वाक्य काढायला सांगितलं गेलं. मी काढलं नाही.

होड्यांबद्दलही लिहिलंच. गाद्यांजवळ वेग कमी ठेवावा, पुढ्यात जाऊ नये, एका कळपाभोवती एका वेळी थोड्याच होड्या असाव्यात. आबांना वाचून दाखवल्याशिवाय तो भाग पाठवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. त्यांनी ऐकलं आणि एकच दुरुस्ती सुचवली: “पंखो तपासूक सांग. त्येका पैशे लागनत नाय.”

पडवीतल्या त्या पहिल्या रात्री आम्ही तीन दिवसांच्या मुद्रणातले सगळे मोठे आवाज एकेक करून लावले होते. आबा जाळं बाजूला ठेवून ऐकत होते आणि सांगत होते. ही दांडीवरची, ही तारकर्लीची, हिचं इंजिन नवीन, ह्या पोराला गिअर टाकायची घाई. मी माझ्या तक्त्यात ‘जहाज’ हा शब्द खोडत गेले. पहाटे तीनच्या सुमाराचा एक आवाज तेवढा राहिला, लांबचा, खालच्या पट्टीतला, सावकाश वाढून सावकाश विरणारा. आबांनी तो चारदा ऐकला आणि मान हलवली. त्या ओळीपुढे मी ‘अज्ञात’ लिहिलं.