थिकनेसरवरून सहा महिने वाद, आणि दोष निघाला सँडरचा

थिकनेसर, म्हणजे फळी सगळीकडे एकसारख्या जाडीची करणारं मशीन, अजून आलेला नाही. सात दिवसांची मुदत संपली की दोघांची सही होईल, असं मागच्या नोंदीत मी खात्रीने लिहिलं होतं. ती मुदत संपून पाच आठवडे झाले. मधल्या काळात नवऱ्याच्या दुर्बिणीच्या आरशावर ओरखडा उठला, तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो, आणि तीन खात्यांच्या पद्धतीतलं एक मोठं भोक उघडं पडलं. ती पद्धत मीच इथे जोर लावून मांडली होती, तेव्हा भोकही मीच दाखवायला हवं.

उजळणी दोन ओळींत. घराचं खातं, माझं खातं, त्याचं खातं. माझ्या आणि त्याच्या खात्यात दर महिन्याला सारखीच रक्कम पडते आणि तिचं काय केलं हे विचारायचं नाही. तीन महिन्यांच्या रकमेपेक्षा महाग वस्तू असेल तर दोघांची संमती आणि सात दिवस थांबायचं. हे सात दिवस फार उपयोगी पडतात. 'आज रात्रीपर्यंतच सवलत' म्हणणारे विक्रेते मी त्यांच्यामुळेच सोडले. राउटर बिटांचा (लाकडात खाचा आणि कडांचे आकार कोरणाऱ्या मशीनच्या पात्यांचा) तीस नगांचा संच असाच सुटला, आणि वर्षभरात मला लागले ते फक्त चार बिट. पटाशांचंही तेच, ६, १२, १८ आणि २५ मिमी अशा चार चांगल्या घ्या, संचाच्या नादी लागू नका.

मी बनवतेय त्या पुस्तकांच्या शेल्फचं लाकूड घराच्या खात्यातून आलं, त्यावर कधीच वाद नव्हता. सरस, स्क्रू, पॉलिश पेपर हेही घराचं, कारण शेल्फ घराचं. हत्यारं माझी, पॉलिश पेपर लावून लाकूड घासणारं मशीन म्हणजे सँडरही. राउटर बिटावर अडलं होतं, तेव्हा नवऱ्याने सोपी कसोटी काढली: काम संपल्यावर वस्तू उरते का? उरत असेल तर ज्याचा छंद त्याच्या खात्यातून. ही कसोटी मला अजूनही पूर्ण पटते.

थिकनेसर मात्र माझ्या एकटीच्या खात्यातून झेपणारा नव्हता. फळ्या आल्या तेव्हा २५ मिमी जाड होत्या. महिनाभर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या, तरी चारपैकी दोन फळ्यांना पीळ पडला, एकीला कोपऱ्यावर तब्बल ४ मिमी. हाताने सरळ करायला एका फळीला अख्खी दुपार जाते आणि हाती उरते जेमतेम १९ मिमी. म्हणून मी घराच्या खात्यातून अर्धे पैसे मागितले. तो म्हणाला, "शेल्फ एकदाच होणार, मशीन कायमचं राहणार." त्याच्याच कसोटीने तो बरोबर होता. मग मी म्हटलं, ठीक आहे, माझ्या खात्यात साठवते आणि मीच घेते, तू फक्त हो म्हण. तरी होकार येईना.

हेच मला सहा महिने कळत नव्हतं. आधी तो म्हणाला, वजन फार आहे, चाळीस किलोचं धूड दर वेळी कोण उचलणार? मी चाकांच्या स्टँडचा आराखडा काढला. मग आवाजाचा मुद्दा आला. मी दुपारच्या वेळा ठरवून दिल्या. मग जागा. मी मोजपट्टी घेऊन जागा दाखवली. दर वेळी कारण नवं आणि माझ्याकडे उत्तर तयार. मला वाटायला लागलं की त्याला माझं सुतारकामच नकोय. त्याला वाटत होतं की मी त्याचं ऐकूनच घेत नाही.

आता आरसा. नवे वाचणारे असतील त्यांच्यासाठी: नवरा दुर्बिणीचा आरसा स्वतः घासतोय, १५० मिमी व्यासाचा, १२०० मिमी नाभीय अंतराचा. सिलिकॉन कार्बाइड या घासायच्या पुडीच्या ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०, ४०० असं बारीक होत तो पॉलिशपर्यंत पोहोचला होता. पॉलिश म्हणजे पिचच्या (डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या) थरावर सिरियम ऑक्साइड या अगदी बारीक पुडीचं पाणी घालून तासन्तास सावकाश हात फिरवणं. आमची कामाची खोली एकच. एका भिंतीला माझं बाकडं, दुसऱ्या भिंतीला त्याचं टेबल.

त्या रात्री त्याने आरसा धुतला, पुसला आणि दिव्याखाली तिरका धरला. मी फळीवर खुणा करत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मान वर केली, तर तो दहापट भिंगातून एकाच जागी बघत बसला होता. मी जवळ गेले. कडेपासून आत वळलेली, केसाहून बारीक, दोन बोटं लांबीची रेघ. दिवा हलवला की नाहीशी व्हायची, परत आणला की चमकायची.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. नुसतं माझ्या बाकड्याखालच्या सँडरकडे बघितलं.

तीन दिवसांनी बोलला. "अगं, पैशांचं नव्हतंच काही. थिकनेसर आला की धूळ दुप्पट होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"मग सँडर आणला तेव्हाच का नाही बोललास?"

"तुझ्या खात्यातून आणला होतास. विचारायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

यावर मला काही सुचलं नाही. सँडर मर्यादेच्या आतला होता, म्हणून मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. आम्ही दोघंही नियम पाळत होतो. ज्या वस्तूमुळे खोली बिघडली ती चर्चेशिवाय आत आली, आणि जी अजून दारातही आलेली नाही तिच्यावर आम्ही सहा महिने भांडलो. माझा सगळा वेळ पैशांची, वजनाची, आवाजाची उत्तरं शोधण्यात गेला. त्याला मोकळेपणाने सांगता येईल असा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

तरी सँडरनेच झालं हे मला तपासायचं होतं. लाकडाच्या भुशाने काच चरत नाही, लाकूड काचेपुढे मऊच. पण पॉलिश पेपरवरून सुटणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण काचेहून बरेच कठीण असतात. ८० नंबरच्या पेपरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा, २४० नंबरचा साठेक मायक्रॉनचा. सिरियमची पूड एक-दोन मायक्रॉनची. असा एक कण पिचमध्ये रुतला की तो काय करणार ते उघड आहे.

आरसा डब्यात बंद केला आणि त्याच्या टेबलावर काळा कागद अंथरला. सँडर पिशवी लावून दहा मिनिटं चालवला. सकाळी कागदावर बोट फिरवलं तर स्वच्छ पट्टा उमटला आणि बोटाच्या टोकावर पिठासारखी धूळ. तिच्यात दिव्याखाली बारीक चमचम होती. दुसऱ्या दिवशी नवा कागद, आणि त्याच फळीवर दहा मिनिटं रंधा. सकाळी कागद जवळजवळ कोरा. रंध्याचे पापुद्रे बाकड्याच्या पायाशीच पडतात, उडत नाहीत. दोन्ही कागद मी नवऱ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे रंध्याचं मी उगाच मनात धरलं होतं." ओरखडा याच धुळीने पडला हे काही त्यातून सिद्ध होत नाही, पण आम्हा दोघांना तेवढं पुरलं.

ही धूळ आम्ही दोघंही श्वासातून घेत होतो, हेही तेव्हाच नीट डोक्यात शिरलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत. मास्क मी लावत होते. टेबलावर बसलेला तो लावत नव्हता.

म्हणून नियमात बदल केला आहे. तीन खाती तशीच. पण जी वस्तू धूळ, वास किंवा आवाज करते किंवा जमिनीवर कायमची जागा घेते, तिच्याबद्दल आधी बोलायचं, मग ती कितीही स्वस्त असो. कोणी फुकट दिली तरी. अडवायचा अधिकार कुणालाच नाही. 'ही आली तर मला काय लागेल' एवढं दुसऱ्याने सांगायचं आणि ते ऐकायचं. लगेच त्याचीही एक जुनी गोष्ट निघाली. पिच त्याने स्वतःच्या खात्यातून आणलं होतं, पण वितळवलं घरातल्या शेगडीवर, आणि दोन दिवस पडद्यांना त्याचा वास होता. मी तेव्हा बोलले नव्हते, कारण खातं त्याचं. आता पिच बाहेर वितळवायचं ठरलंय.

एक छान बातमीही आहे. जुन्या पाचनंबरी (मध्यम लांबीच्या) लोखंडी रंध्याचा तळ अखेर सपाट झाला. जुन्या रंध्यांबद्दल माझं मत तेच आहे: १८६९ मध्ये स्टॅनली या अमेरिकी हत्यार कंपनीने लिओनार्ड बेलीच्या रंध्याच्या रचनेचे हक्क घेतले, आणि तो आराखडा आजही जवळपास तसाच चालतो, त्यामुळे सुटे भाग मिळतात. फक्त विक्रेत्याकडून तळाचा, पात्याच्या फटीजवळचा फोटो मागून घ्या. माझ्या विक्रेत्याने तो दोनदा मागूनही दिला नाही आणि तळ मधोमध खोल निघाला. नवऱ्याने स्वतःहून त्याची जाड काच काढून दिली, उरलेलं ८० नंबरचं कार्बाइड दिलं आणि तळावर मार्करने रेघा मारून घासायला शिकवलं. आरशासारखाच हात, फक्त दाब जास्त. पुढे १२०, मग २२०. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तेव्हा पात्याला धार काढली आणि फळीच्या कडेवर एक लांब हात मारला. अखंड पापुद्रा वर आला. नवऱ्याने तो उचलून दिव्यासमोर धरला, आरपार उजेड दिसत होता, आणि मग त्याने आपला मायक्रोमीटर आणला. ०.०४ मिमी. त्याने तो आकडा त्याच्या आरशाच्या वहीत लिहून ठेवलाय.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि बेत पुन्हा बदलतोय. थिकनेसर मुख्यतः जाड ढलप्या काढतो. बारीक धूळ सगळ्यात जास्त करतो तो सँडर. मग शेवटचा हात बारीक रंध्याने आणि कार्ड स्क्रेपरने (खरवडायच्या पातळ पोलादी पट्टीने) मारला तर सँडर लागणारच नाही. मी लिहिणं थांबवून त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, सँडर वीक आणि त्या पैशात धूळ ओढणारं यंत्र बघू, अर्धे मी घालतो, खोली माझीही आहे. यंत्र काम संपल्यावर उरणार, म्हणजे कसोटीने ते माझं. पण हवा दोघांची. कोणत्या खात्यातून ते अजून ठरलेलं नाही, आणि या वेळी त्याची घाईही वाटत नाही. सात दिवस लावलेत.

थिकनेसरचं नाव यादीतून काढलेलं नाही, फक्त धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या खाली गेलंय. या शेल्फच्या फळ्या हातानेच. एका जुन्या पात्याला २५० मिमी त्रिज्येचा गोलवा देऊन ठेवलाय, लाकडाच्या रेषांना आडवा रंधा मारून उंच कोपरे उतरवायला. तिसरी फळी ४ मिमीवरून १ मिमीवर आली आहे.

आरशाचं तो दोन दिवस विचार करत होता. एवढ्या ओरखड्याने प्रतिमेत फारसा फरक पडत नाही हे त्यालाही माहीत आहे. तरी तो परत बारीक घासाईवर जाणार आहे. मी म्हटलं, तू घासशील त्या दिवशी मी खोलीत नुसती धार लावत बसते. तो म्हणाला, रंधा चालव, चालेल.