वजन तर बरोबर आहे, मग पोट कशाला मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोथरूडच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. आठवी-नववीतल्या पोरांचे आईवडील माझ्या हातात टेप दिसली की हमखास म्हणतात, "मॅडम, वजन तक्त्यात बसतंय की!"

बसतंय, मान्य. पण काटा नुसते किलो सांगतो, ते साठलेत कुठे हे सांगत नाही. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तिथेच फसगत होते. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, स्नायूही कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचेच आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! बीएमआयवर विसंबून राहणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट ऐकवतेच.

पोटात, यकृताच्या आसपास साठलेली चरबी मांडीवरच्या चरबीपेक्षा जास्त त्रासाची. साखर, रक्तदाब, फॅटी लिव्हर, सगळ्यांशी तिचा संबंध.

आता मोजायचं कसं. "याची कंबर तीस, परवाच लक्ष्मी रोडला जीन्स घेतली" हे मला चालत नाही. जीन्स पोटाच्या खाली बसते, पोट वरून बाहेर. मी शर्ट वर करायला सांगते. बाजूला शेवटची बरगडी बोटाला लागते तिथे एक ठिपका, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला दुसरा, आणि टेप दोन्हींच्या बरोबर मध्ये. पाठीमागे ती वर चढते, म्हणून मागून एकदा बघायचं. रुतवायची नाही. एवढं करेपर्यंत पोराने पोट आत ओढलेलं असतंच! मग मी काल कोण जिंकलं वगैरे विचारते. बोलता बोलता तो श्वास सोडतो, तेव्हा आकडा वाचायचा. शिवणाची जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असते, ती नको.

आकडा उंचीशी ताडायचा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेने २०२२ मध्ये पाच वर्षांवरच्या मुलांनाही हाच हिशेब सांगितला. समजा मुलगा १६४ सेंटिमीटर उंच, वजन ५७ किलो. बघणारा म्हणेल, छान आहे. कंबर ८३ भरली तर निम्मं, म्हणजे ८२, ओलांडलं. घरी टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडा, पोटाभोवती टोकाला टोक लागतंय का बघा.

वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार तक्तेही आहेत. भारतीय मुलांचे तक्ते २०१४ मध्ये पुण्यातल्याच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधकांनी मांडले आणि धोक्याची रेघ सत्तराव्या पर्सेंटाइलला धरली, म्हणजे शंभरातल्या सत्तर मुलांची कंबर जिच्या खाली येते तिथे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची रेघ नव्वदाव्याला आहे. आपली खाली का, ते वर आलंच. दवाखान्यात मी दोन्ही बघते. घरी सुतळी पुरे.

पण टेप म्हणजे निदान नव्हे. कातडीखालची चरबी आणि आतली, हा फरक तिला कळत नाही. रेघ ओलांडली तर मी मानेची मागची बाजू बघते. तिथली कातडी काळवंडून जाड झाली असेल तर कितीही घासून जाणार नाही. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. मग डॉक्टर रक्तदाब आणि रक्ततपासण्या ठरवतात.

या वयात उंची झपाट्याने वाढते, त्यामुळे दर आठवड्याला टेप घेऊन मागे लागू नका. तीन-चार महिन्यांनी मोजा, आणि तेही दार लावून. मुलींना आधी विचारा. पाहुण्यांसमोर, "खात्यापित्या घरचा आहे हो" म्हणणाऱ्या आजीसमोर तर मुळीच नको. पुढच्या वेळी ते पोर दवाखान्यातही शर्ट वर करत नाही.